किरमिजी आणि गुलाबी : दृक्‌प्रत्ययवादी पुष्पचित्रांतील प्रकाश व रंगद्रव्य

मराठी विश्वकोशाने 'इंप्रेशनिझम' या कलासंप्रदायासाठी 'दृक्‌प्रत्ययवाद' ही संज्ञा स्वीकारली आणि पुढे कलासमीक्षेत ती रूढ झाली. संज्ञा म्हणून ती नेटकी आहे. 'प्रत्यय' या शब्दाला मराठी समीक्षेत जी प्रतिष्ठा आहे, तिचा लाभही या संप्रदायाला आपोआप मिळाला. तथापि भाषांतराच्या या व्यवहारात मूळ शब्दातील एक अर्थ गळून पडला, त्याची पुरेशी दखल घेतली गेलेली नाही. १८७४ च्या एप्रिल महिन्यात पॅरिस येथे नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत भरलेल्या प्रदर्शनात क्लोद मोनेचे 'इंप्रेशन : सूर्योदय' हे चित्र होते. लुई लरॉय या टीकाकाराने 'ल शारिवारी' या नियतकालिकात त्या शीर्षकाचीच टिंगल केली आणि संप्रदायाला नाव मिळाले. 'इंप्रेशन' म्हणजे मुळात ठसा. ठसा उमटण्यासाठी दोन वस्तू लागतात : दाब देणारी एक आणि तो सोसणारी दुसरी, शिक्का आणि लाख. 'दृक्‌प्रत्यया'त डोळा आहे आणि डोळ्याला होणारे ज्ञान आहे. ज्याच्यावर ठसा उमटतो ते द्रव्य मात्र नाही.

पुष्पचित्रांच्या संदर्भात ही उणीव विशेष जाणवते. सर्व दृश्य वस्तूंमध्ये फूल ही वस्तू अशी, की तिचा रंग जणू देहावाचून असतो असे वाटावे. त्यामुळे 'रंग वस्तूचा नसतो, प्रकाशाचा असतो' हे दृक्‌प्रत्ययवाद्यांचे सूत्र फुलांच्या चित्रांवरून सांगणे समीक्षकांना नेहमीच सोयीचे गेले आहे. या सूत्रामागे शास्त्राचे बळ होते. गोब्लाँच्या चित्रजवनिका विणणाऱ्या कारखान्यात रंजनविभागाचा प्रमुख असलेल्या मिशेल-उजेन शेव्रल याने १८३९ मध्ये रंगांच्या समकालिक विरोधाचा नियम ग्रंथरूपाने मांडला. दोन रंग शेजारी आले की प्रत्येक जण दुसऱ्यावर आपल्या पूरक रंगाची झाक टाकतो, असा तो नियम. मात्र हा नियम विणकरांच्या तक्रारीतून निघाला होता. काळ्या लोकरीचा रंग फिका पडतो अशी तक्रार होती. शेव्रलच्या असे ध्यानात आले की दोष रंजनात नसून शेजारच्या धाग्यांत आहे. म्हणजे प्रकाशाच्या या सिद्धान्ताचा उगमही रंगवलेल्या लोकरीतच आहे.

मराठी भाषेचा स्वभाव या सूत्राच्या नेमका उलट आहे. तांबडा, पिवळा, हिरवा असे मोजके शब्द सोडले, तर मराठीतील रंगनामे वस्तूंवरून आलेली आहेत : जांभळा, नारिंगी, डाळिंबी, अंजिरी, आमसुली, मोरपंखी, पोपटी, राखी, शेंदरी, केशरी. अबोली हे फूलही आहे आणि रंगही. साडी विकत घेणारी स्त्री त्यात कोणताही भेद करीत नाही. या भाषेत रंग म्हणजे प्रकाशाची एक अवस्था नव्हे, तर कुठल्यातरी पदार्थाची खूण होय. बालकवींच्या 'फुलराणी'मध्ये प्रकाश येतो तोही नवरदेव होऊन येतो. तो कळीला भेटतो, वरतो. तिला विरघळवून टाकीत नाही. मोनेच्या तळ्यातील कमळांचे नेमके तेच होते : पाणी, पान आणि पाकळी यांच्या सीमा प्रकाशात विरतात. बालकवी (१८९०–१९१८) आणि जिव्हेर्नीचा मोने समकालीन होते, एवढ्यावरून दोघांची सांगड घालण्याचा मोह तौलनिक अभ्यासकाने आवरलेला बरा. समकालीनतेपेक्षा येथे भेद अधिक बोलका आहे.

वस्तूंवरून आलेल्या या रंगनामांत 'किरमिजी' हा शब्द सर्वांत लांबचा प्रवास करून आलेला आहे. संस्कृतातील 'कृमि' आणि फार्सीतील 'किर्म' हे सगोत्र शब्द. किड्यापासून निघणाऱ्या तांबड्या रंगाला अरबीत 'किर्मिझ' म्हणत, आणि त्यावरूनच युरोपीय भाषांत 'क्रिमझन' व 'कार्माइन' आले. मराठीत तोच शब्द फार्सीच्या वाटेने 'किरमिजी' होऊन आला. दुसरा शब्द 'लाख'. संस्कृत 'लाक्षा'पासून निघालेला हा शब्द मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'लाक्का' झाला आणि रंगाच्या व्यापारातून पुढे 'लेक' या पारिभाषिक संज्ञेत स्थिरावला. पाण्यात विरघळणारे रंजक तुरटीच्या साहाय्याने निवळून, बसवून जे रंगद्रव्य तयार होते, त्याला चित्रकार 'लेक' म्हणतात. माने, रन्वार, मोने यांच्या रंगपाटीवरील तांबड्या रंगाची नावे अशी आपल्या अळित्याच्या आणि किड्यांच्या शब्दकुळातील आहेत.

हा केवळ शब्दांचा योगायोग नाही, हे मद्रासच्या इतिहासातील एका प्रकरणावरून दिसते. अमेरिका खंड स्पॅनिशांच्या हाती आल्यानंतर मेक्सिकोतील फड्या निवडुंगावर वाढणारा कोचिनीयल हा किडा जगातील सर्वांत मौल्यवान तांबडा रंग ठरला. एक पौंड सुकलेल्या मालासाठी सुमारे सत्तर हजार किडे लागत. या मालावरील स्पेनची मक्तेदारी इतरांना सलत होती. १७७७ मध्ये थिएरी द मेनाँव्हिल या फ्रेंच वनस्पतिज्ञाने ओआहाकाहून किडे व निवडुंग चोरून आणले. १७८६ मध्ये जेम्स अँडरसन (१७३८–१८०९) या ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रासमधील वैद्याने असे जाहीर केले की कोचिनीयलसारखा किडा आपल्याला मद्रासच्या गवतावरच सापडला आहे. सर जोसेफ बँक्स यांना लिहिलेली त्याची या विषयावरील पत्रे मद्रासमध्येच छापून प्रसिद्ध झाली. अँडरसनची विस्तीर्ण बाग नुंगंबाक्कम येथे होती. तेथे आणि सैदापेटजवळील निवडुंगाच्या मळ्यात त्याने तुती, रेशमाचे किडे, रंजक वनस्पती, निवडुंग असे नाना प्रयोग आरंभिले. गवतावरचा किडा खरा कोचिनीयल नव्हता. पुढे १७९५ मध्ये कॅप्टन नीलसन याने रिओ द जानेरोहून आणलेले किडे कलकत्त्याला व तेथून मद्रासला पोहोचले. पण तेही रानटी जातीचे निघाले. त्यांच्यापासून मिळणारा रंग हलका आणि अल्प होता, मेक्सिकोच्या मालापुढे तो बाजारात टिकला नाही. रंग देण्याऐवजी त्या किड्याने निवडुंगच फस्त केला. पुढे एकोणिसाव्या शतकात दक्षिण हिंदुस्थानात व श्रीलंकेत माजलेला निवडुंग मारण्यासाठी त्याचा मुद्दाम वापर करण्यात आला, आणि किडीकरवी तणनाशाच्या जगातील आरंभीच्या उदाहरणांत तो आता गणला जातो.

अँडरसनच्या पुढे चित्रकार नव्हते, कापड होते, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. इंग्रज अधिकाऱ्यांचे तांबडे डगले आणि कंपनीचा नफा ही या उद्योगामागची प्रेरणा. चित्रकाराला मिळणारा रंग हा नेहमीच कापडाच्या व्यापाराचा शेष असतो. रन्वारच्या तरुणपणी पॅरिसला येणारे कोचिनीयल मध्य अमेरिकेचे आणि कॅनरी बेटांचे होते, मद्रासचे नव्हे. तरीही नुंगंबाक्कमच्या या फसलेल्या प्रयोगाचे महत्त्व आहे. गुलाबी पाकळीवरचा जो रंग समीक्षक 'निव्वळ प्रकाश' म्हणून वाचतात, त्यासाठी शंभर वर्षे अगोदर मद्रासच्या एका बागेत किडे मोजले जात होते. गंमत अशी, की त्याच नुंगंबाक्कममध्ये १७९२ मध्ये कंपनीची वेधशाळा उभी राहिली. एका ठिकाणी रंगाची शेती आणि शेजारीच आकाशातील प्रकाशाचे मोजमाप, असे ते गाव होते.

याच प्रदेशात फुलांच्या चित्रणाची एक वेगळी परंपराही घडत होती. रॉबर्ट वाइट या वनस्पतिज्ञासाठी रुंगय्या आणि गोविंदू या दक्षिणी चित्रकारांनी शेकडो वनस्पतींची चित्रे काढली. त्यांपैकी अनेक चित्रे शिळाछपाईने मद्रासमध्ये प्रसिद्ध झाली. गोविंदूच्या नावावरून वाइटने ऑर्किडच्या एका प्रजातीला नाव दिले, हा त्या काळात एका देशी चित्रकाराला मिळालेला दुर्मीळ मान होय. या चित्रांतील फुलाला काळवेळ नसते. कागद पांढरा, सावली नाही, प्रकाश कुठल्याच दिशेने येत नाही. फुलाचा रंग हा त्या जातीचा कायमचा रंग असतो. सकाळचा किंवा संध्याकाळचा नसतो. वनस्पतिशास्त्राला तसेच हवे होते. दृक्‌प्रत्ययवाद्यांनी जे नाकारले ते वस्तूचे स्वतःचे रंगरूप येथे त्याच्या सर्वांत शुद्ध अवस्थेत पाहावयास मिळते. या चित्रांना 'माहितीपर' म्हणून कलेच्या इतिहासाबाहेर ठेवण्याची रीत आहे; ती अन्यायाची आहे. पाकळीच्या कडेवरील एकेक शीर निरखणाऱ्या या नजरेला 'प्रत्यय' नव्हता असे म्हणणे कठीण आहे.

तंजावरच्या मराठी दरबाराचाही येथे उल्लेख करावा लागेल. सरफोजी दुसरे (कारकीर्द १७९८–१८३२) यांच्या आश्रयाने निसर्गवस्तूंची चित्रे काढली गेली आणि त्यांच्या वैद्यकीय आस्थेतून नेत्ररोग्यांच्या नोंदीही तयार झाल्या. त्यांत रुग्णांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे आहेत. सरस्वती महाल ग्रंथालयातील या नोंदींचा अभ्यास पुढे नुंगंबाक्कमच्याच शंकर नेत्रालयातील संशोधकांनी प्रसिद्ध केला. एका मराठी राजाच्या दफ्तरात डोळा हा असा 'पाहणारा' न राहता 'पाहिली जाणारी' वस्तू झाला. हे दृक्‌प्रत्ययवादाच्या चर्चेत अप्रस्तुत नाही. मोनेला मोतीबिंदू असल्याचे निदान १९१२ मध्ये झाले आणि १९२३ मध्ये त्याच्या उजव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली. मधल्या काळात काढलेल्या जपानी पुलाच्या चित्रांत तांबडा व तपकिरी रंग इतका दाटला आहे, की तळे, वेली आणि पूल वेगळे काढता येत नाहीत. शस्त्रक्रियेनंतर त्याला सारे नको इतके निळे दिसू लागले. डोळ्यातील भिंगसुद्धा एक द्रव्य आहे आणि ते पिवळे पडते. 'दृक्' आणि 'प्रत्यय' यांच्या मध्ये अशी वस्तू उभी आहे.

आता प्रत्यक्ष चित्रांकडे वळता येईल. एद्वार मानेने १८८२–८३ मध्ये, मृत्यूच्या आधीच्या महिन्यांत, आजारी अवस्थेत काचेच्या भांड्यांतील फुलांची लहान लहान चित्रे काढली. ती सुमारे सोळा आहेत. त्यांत फुलांइतकेच लक्ष पाण्यात बुडालेल्या देठांवर आणि काचेच्या पैलूंवर आहे. मोनेची १८८२ ची शेवंतीची चित्रेही याच सुमाराची. रन्वार तर लहानपणी चिनीमातीच्या भांड्यांवर फुले रंगवूनच हात बसवून आलेला कारागीर. मानवी देहाच्या चित्रात जे धाडस करण्यास आपण कचरतो ते रंगांचे प्रयोग फुलांत करतो, अशा आशयाचे त्याचे सांगणे त्याच्या मित्राने नोंदवून ठेवले आहे. रन्वारच्या गुलाबांतून स्त्रीदेहाची कांती आली, असे जे म्हटले जाते त्याला हा आधार आहे.

या सर्वांपुढचा तांत्रिक प्रश्न मात्र एकच होता. पाकळी प्रकाश नुसता परतवीत नाही. काही प्रकाश तिच्यातून आरपार जातो. गुलाबाच्या आतल्या पाकळ्या जो उजेड धरून ठेवतात तो हिंगुळाने किंवा गेरूने दाखविता येत नाही, कारण ती रंगद्रव्ये अपारदर्शक असतात. त्यासाठी अर्धपारदर्शक 'लेक' लागतो : मंजिष्ठेचा, किरमिजाचा, किंवा १८७१ मध्ये शोध लागलेल्या इओसिन या कृत्रिम रंजकाचा, ज्याला चित्रकार 'जिरेनियम लेक' म्हणत. आणि नेमकी ही रंगद्रव्येच प्रकाशात टिकत नाहीत. मंजिष्ठा त्यांतल्या त्यात चिवट, किरमीज नाजूक, इओसिन तर सर्वांत अल्पायुषी. पांढऱ्यात मिसळून गुलाबी केले की ती आणखी लवकर उडतात. फुलात शिरलेला प्रकाश दाखवावयाचा तर प्रकाशाचा बळी होणारेच द्रव्य हाती घ्यावे लागत होते, असा हा पेच होता.

चित्रकारांना याची जाणीव नव्हती असे नाही. व्हिन्सेंट व्हान गॉख हा काटेकोरपणे उत्तर-दृक्‌प्रत्ययवादी. परंतु १८८८ च्या एप्रिलमध्ये धाकट्या भावाला लिहिलेल्या पत्रात तो दृक्‌प्रत्ययवाद्यांनी प्रचारात आणलेल्या रंगांविषयीच बोलतो. हे सर्व रंग अस्थिर आहेत, म्हणून ते अधिकच भडक लावावेत, काळ त्यांना नको इतके सौम्य करीलच, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. दोन वर्षांनी, १८९० च्या मे महिन्यात, सें-रेमीच्या रुग्णालयातून निघण्यापूर्वीच्या दिवसांत त्याने चार मोठी पुष्पचित्रे काढली : दोन आयरिसची, दोन गुलाबांची. गुलाब गुलाबी होते, हिरव्या पार्श्वभूमीवर. पत्रांत तसे स्पष्ट लिहिले आहे. वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्क येथील संग्रहालयांत असलेले हे गुलाब आज जवळजवळ पांढरे दिसतात. न्यूयॉर्कच्या आयरिसची पार्श्वभूमी गुलाबी होती, ती आता पांढरट आहे. ॲम्स्टरडॅमच्या चित्रात लिंबाच्या पिवळ्यापुढे जांभळी फुले होती. त्यांतील तांबडा अंश उडाल्याने ती निळी झाली. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने ही चारही चित्रे एकत्र आणून मूळ रंगांविषयीचे संशोधन प्रेक्षकांपुढे ठेवले. रन्वारच्या बाबतीत असाच पुरावा शिकागोच्या संग्रहालयाला मिळाला. 'मादाम लेओं क्लापिसाँ' या १८८३ च्या व्यक्तिचित्राची चौकट काढली तेव्हा तिच्याखाली उजेडापासून लपलेली कड गडद किरमिजी निघाली. तो रंग किरमिजाचाच असल्याचे रासायनिक परीक्षणाने सिद्ध झाले, आणि २०१४ मध्ये मूळ रंगांची संगणकीय प्रतिमा चित्राशेजारी मांडण्यात आली. आज थंड, निळसर वाटणारी ती पार्श्वभूमी मुळात पेटलेली होती.

ॲम्स्टरडॅमच्या आयरिसचे उदाहरण मराठी सौंदर्यविचाराच्या दृष्टीने विशेष विचारार्ह आहे. बा. सी. मर्ढेकरांनी कलाकृतीच्या घटनेचे नियम म्हणून संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांची मांडणी केली. चित्रकलेत ही तत्त्वे रंगसंवेदनांच्या परस्परसंबंधांतून सिद्ध होतात. पिवळ्याचा आणि जांभळ्याचा विरोध हे या मांडणीचे पाठ्यपुस्तकात शोभावे असे उदाहरण झाले असते. पण तो विरोध आता चित्रात नाही. पिवळा आणि निळा यांचा संबंध वेगळा आहे, त्यांचा समतोल वेगळा आहे. मर्ढेकरांच्या भूमिकेतून उत्तर द्यावयाचे तर असे म्हणावे लागेल की आजचे चित्र ही निराळी कलाकृती आहे. हे उत्तर तर्काला धरून आहे, परंतु ते फार स्वस्तात मिळालेले आहे. संवेदनांच्या घटनेला जर द्रव्याची पायरी अपरिहार्य असेल, तर द्रव्याचा इतिहास हा सौंदर्यशास्त्राच्या दाराबाहेर उभा करता येत नाही. त्या मानाने 'पोत' (१९६३) लिहिणाऱ्या द. ग. गोडसे यांची दृष्टी या प्रश्नाला अधिक जवळची होती. वस्तूचा पोत स्पर्शून कालखंडाचा स्वभाव ओळखण्याची त्यांची रीत रंगद्रव्याच्या इतिहासाला सहज लागू पडते. पुढच्या समीक्षेने ती वाट फारशी चालली नाही.

साहित्याच्या अभ्यासकाला यात एक परिचित प्रश्न दिसेल : संहितेचा. छापील मराठी पुस्तकांतून या चित्रांची जी वर्णने झाली, ती बहुधा उडालेल्या रंगांच्या छापील प्रतिकृती पाहून झाली. पांढऱ्या गुलाबांतील शांती, निळ्या आयरिसमधील विषण्णता असे अर्थ अशा वर्णनांतून सहज निघू शकतात. रुग्णालयाची पार्श्वभूमी त्यांना दुजोरा देते. मूळ चित्र मात्र बरे होऊन बाहेर पडू पाहणाऱ्या माणसाने भर वसंतात लावलेले भडक गुलाबी आणि जांभळे होते. पाठभेद कळल्यावर जुनी टीका जशी पुन्हा तपासावी लागते, तशीच ही वर्णने तपासावी लागतील.

मराठी मुलखात दृक्‌प्रत्ययवादी रंगदृष्टी पोहोचली ती बहुतांशी अशाच प्रतिकृतींतून, आणि काही प्रमाणात माणसांतून. नाझींच्या सत्तेमुळे व्हिएन्ना सोडून मुंबईत आलेले वॉल्टर लँगहॅमर 'टाइम्स ऑफ इंडिया'चे कलासंचालक झाले. त्यांच्या घरी तरुण चित्रकार जमत, रंग लावण्याची मोकळी, उजळ रीत तेथे पाहावयास मिळे. त्या वर्तुळातील कृष्णाजी हौलाजी आरा (१९१४–१९८५) यांचे उदाहरण प्रस्तुत विषयाला सर्वांत नजीकचे. सिकंदराबादजवळच्या बोलारम येथे जन्मलेला, लहानपणी मुंबईला पळून आलेला, घरकाम करून आणि मोटारी पुसून पोट भरणारा हा मुलगा. मिठाच्या सत्याग्रहात त्याने तुरुंगवासही भोगला. टीकाकार रूडी फॉन लायडेन यांनी त्याची चित्रे हेरली, १९४२ मध्ये पहिले स्वतंत्र प्रदर्शन झाले, आणि १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या संस्थापकांत त्याचे नाव आले. आरांनी आयुष्यभर फुले रंगविली. त्यांच्या फुलांवर खिडकीतला उजेड क्वचितच पडतो. फुलदाणी समोर ठाण मांडून असते, फुले कागदाच्या कडांपर्यंत फुगून येतात, आणि जलरंग व गवॉश ही पातळ माध्यमे तैलरंगासारखी जाड थापलेली असतात. या चित्रांना फ्रेंच स्थिरवस्तुचित्रांची उसनी आवृत्ती म्हणणाऱ्यांनी हा थापलेला रंग पाहिलेला नसावा. आरांचा तांबडा रंग हा दिवसाच्या कुठल्याही प्रहराचा नाही. तो रंगाच्या डबीतला आहे आणि तसे लपवीतही नाही. 'डाळिंबी', 'शेंदरी', 'किरमिजी' हे शब्द वापरून त्याचे वर्णन करताना मराठी समीक्षकाला भाषेशी झटापट करावी लागत नाही. मोनेविषयी लिहिताना ती करावी लागते.

कागदावरील अशी चित्रे संग्रहालयांत साधारणपणे पन्नास लक्सच्या आसपास मंद उजेडात आणि थोड्या मुदतीसाठीच मांडण्याचा संकेत आहे. तैलचित्रांना त्याच्या तिप्पट-चौपट उजेड चालतो असे मानले जाते. आरांची फुले त्यामुळे बहुतेक काळ खणांत, अंधारात असतात.